एडविन मोझेस : तेरा ढांगांचा हिशेब

दहावा_अडथळा

एडविन मोझेसचे नाव निघाले की बहुतेकांना 122 हा त्याच्या सलग जिंकलेल्या शर्यतींचा आकडा आठवतो. 26 ऑगस्ट 1977 रोजी बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीच्या हाराल्ड श्मिडने त्याला हरवले आणि त्यानंतर तो हरला तो थेट 4 जून 1987 रोजी, माद्रिदमध्ये. मधली नऊ वर्षे, नऊ महिने आणि नऊ दिवस 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याला कोणीही मागे टाकू शकले नाही. हा पराक्रम थोर आहेच. पण माझ्या मते तो परिणाम आहे आणि त्यामागचे कारण फार कमी वेळा नीट सांगितले जाते. या शर्यतीत अनिश्चित काय असते हे मोझेसने ओळखले आणि तेवढी एकच गोष्ट त्याने स्वतःपुरती पक्की करून टाकली. त्याच्या कारकिर्दीकडे त्या अंगाने पाहावे, या हेतूने हे लिहीत आहे.

त्याचा जन्म 31 ऑगस्ट 1955 चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरातला. आईवडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले होते. अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयात तो गेला तो अभ्यासातील गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीवर, खेळाच्या नव्हे. विषय भौतिकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकी. त्या महाविद्यालयाकडे तेव्हा स्वतःचा धावमार्गसुद्धा नव्हता, त्यामुळे शहरातल्या सार्वजनिक शाळांच्या मैदानांवर जाऊन तो सराव करीत असे. 1976 च्या मार्चपर्यंत तो मुख्यतः 110 मीटर अडथळे आणि 400 मीटर सपाट शर्यत धावत होता. 400 मीटर अडथळ्यांची शर्यत तोवर तो जेमतेम एकदा धावला होता. त्या महिन्यात फ्लोरिडातील स्पर्धेत तो या प्रकारात उतरला आणि पुढच्या चार महिन्यांत जे घडले त्यासारखे दुसरे उदाहरण मैदानी खेळांच्या इतिहासात मला तरी सापडत नाही.

25 जुलै 1976, माँट्रियल. वीस वर्षांचा मोझेस आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला आणि 47.63 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. आधीचा विक्रम युगांडाच्या जॉन अकी-बुआचा, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधील 47.82 सेकंदांचा होता. माँट्रियलमध्ये दुसरा आलेला माइक शाइन हाही अमेरिकेचाच. त्याची वेळ 48.69 होती. एका सेकंदाहून अधिक अंतर! ज्या शर्यतीचे निकाल एरवी शंभरांश सेकंदांनी लागतात तिथे दुसरा क्रमांक जवळपास आठ मीटर मागे होता. अकी-बुआ मात्र त्या दिवशी समोर नव्हता, कारण न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या निषेधार्थ बहुतेक आफ्रिकी देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. या दोघांची माँट्रियलमध्ये गाठ पडली असती तर काय झाले असते, ही हुरहुर मला आजही वाटते.

आता त्या तेरा ढांगांकडे येतो. पुरुषांच्या 400 मीटर शर्यतीत 91.4 सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे असतात. आरंभरेषेपासून पहिला अडथळा 45 मीटरवर, त्यानंतर प्रत्येक दोन अडथळ्यांमध्ये 35 मीटर आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषेपर्यंत 40 मीटर. हे 35 मीटर किती ढांगांत कापायचे, यावर सारी शर्यत उभी असते. मोझेसच्या आधीचे उत्तम धावपटू सुरुवातीच्या अडथळ्यांमध्ये तेरा ढांगा टाकीत आणि पाय जड होऊ लागले की चौदा किंवा पंधरांवर येत. हा बदल कुठे करायचा, नेमक्या कोणत्या अडथळ्याआधी, हा प्रत्येकाचा कळीचा प्रश्न असे. मोझेसने तो प्रश्नच काढून टाकला. पहिल्यापासून दहाव्या अडथळ्यापर्यंत नऊ टप्पे आणि प्रत्येक टप्प्यात तेरा ढांगा, म्हणजे 117 ढांगांचा एकच अखंड ताल. शेवटच्या वळणावर इतरांचा ताल मोडत असताना त्याचा मोडत नसे आणि पाहणाऱ्यांना वाटे की तो वेग वाढवतो आहे. वस्तुतः त्या टप्प्यात सगळ्यांचाच वेग कमी होत असतो; त्याचा सर्वांत कमी घटत असे.

पुढचे टप्पे बहुतेकांना ठाऊक असतील. 11 जून 1977 रोजी लॉस एंजेलिसमध्ये 47.45, 3 जुलै 1980 रोजी मिलानमध्ये 47.13 आणि 31 ऑगस्ट 1983 रोजी, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, कोब्लेंझमध्ये 47.02. माँट्रियलचा धरून एकूण चार विश्वविक्रम, आणि चारही वेळा मोडलेला विक्रम एक तर अकी-बुआचा किंवा स्वतःचाच. 1983 मध्ये हेलसिंकीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीही त्यानेच 47.50 सेकंदांत जिंकली. त्या अंतिम फेरीत त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. ती तशीच फडफडत राहिली आणि तो दहाही अडथळ्यांवरून गेला.

गणिताची_वही

लेख आवडला. एक शंका आहे. तेरा ढांगा शेवटपर्यंत टिकवणे हे दमाचे काम आहे हे समजले. परंतु तेरावरून चौदावर येणे एवढे अवघड का असावे? एका ढांगेचाच तर फरक आहे. त्यापेक्षा चौदा ढांगांचा सराव करून तोच ताल शेवटपर्यंत राखला, तर तेही तितकेच पक्के होणार नाही का?

जुनी_धाव

या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण ते मला पायांनी कळलेले आहे. विद्यापीठ पातळीवर मी तीन वर्षे 400 मीटर अडथळे धावले.

अडथळा ओलांडताना एक पाय पुढे जातो आणि दुसरा दुमडून मागून येतो. जो पाय पुढे गेला तोच आधी जमिनीवर टेकतो. पुढच्या अडथळ्यालाही तोच पाय पुढे टाकायचा असेल, तर उडी घेताना दुसरा पाय जमिनीवर असायला हवा आणि हे ढांगांची संख्या विषम असेल तरच जमते. म्हणून 110 मीटरमध्ये सर्वजण दोन अडथळ्यांमध्ये तीन ढांगा टाकतात आणि 400 मीटरमध्ये तेरा, पंधरा किंवा सतरा हे आकडे सोयीचे पडतात. चौदा म्हटले की प्रत्येक अडथळ्याला पाय बदलायचा. एकदा डावा पुढे, एकदा उजवा. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने अडथळा ओलांडणारे धावपटू असतात, पण थोडे. बहुतेकांचा एक पाय सरावाचा असतो आणि दुसऱ्याने जाताना आपण अडथळ्याच्या फार जवळ किंवा फार लांबून उठतो, हवेत जास्त वेळ राहतो आणि उतरताना वेग सांडतो.

वळणावर तर पायाची निवड आणखी महत्त्वाची होते. धावमार्ग डावीकडे वळतो. डावा पाय पुढे असणारा आपल्या लेनच्या आतल्या रेघेला धरून जाऊ शकतो. उजवा पाय पुढे टाकणाऱ्याचा मागून येणारा डावा पाय आतल्या बाजूला अडथळ्याच्या कडेबाहेरून खाली राहून जाण्याची भीती असते आणि तसे झाले तर पंच बाद ठरवतात. त्यामुळे त्याला लेनच्या थोडे मध्यातून धावावे लागते, म्हणजे थोडे जास्त अंतर.

मी पंधरा ढांगांवर धावत असे आणि सातव्या अडथळ्यानंतर सतरांवर येत असे. एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत समोरून वारा होता. सातवा अडथळा ओलांडल्यावर मला जाणवले की पंधरा पुरणार नाहीत आणि सतरा टाकायला जागा उरलेली नाही. सोळा पडल्या. नको तो पाय पुढे आला, मी जवळजवळ उभी राहिले, मग अडथळा ओलांडला, आणि तोवर बाजूच्या दोन्ही लेनमधल्या मुली निघून गेल्या होत्या. थकलेल्या अवस्थेत, 35 मीटरच्या मध्यावर हा निर्णय घ्यावा लागणे म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळले. मोझेसला तो निर्णय कधी घ्यावाच लागला नाही, या एका वाक्यात त्याची थोरवी मला दिसते.

दहावा_अडथळा

जुनी_धाव, आपले मनापासून आभार. सोळा ढांगांचा हा अनुभव कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जातो. त्याला थोडे गणित जोडतो. चांगला धावपटू अडथळ्याच्या साधारण दोन मीटरहून किंचित अधिक अलीकडून उठतो आणि सव्वा मीटरच्या आसपास पलीकडे उतरतो. म्हणजे 35 मीटरपैकी सुमारे साडेतीन मीटर हवेत जातात आणि साडेएकतीस मीटर पायांनी कापायचे उरतात. तेरा ढांगा म्हटल्या तर प्रत्येक ढांग 2.42 मीटरची, चौदा म्हटल्या तर 2.25 आणि पंधरा म्हटल्या तर 2.1 मीटरची पडते. ताज्या पायांनी 2.42 मीटर ही उंच धावपटूला फार मोठी ढांग नव्हे. मोझेसची उंची 1.88 मीटर होती आणि सपाट मैदानावर त्याची ढांग याहून बरीच लांब पडत असे. खरी परीक्षा असते ती तीनशे मीटर झाल्यावर. तिथे ढांग आपोआप आखडते आणि तेव्हाही ती 2.42 च्या खाली जाऊ द्यायची नाही.

यासाठी त्याने केलेला अभ्यास त्याच्या शिक्षणाला साजेसा होता. सरावाच्या नोंदी तो काटेकोरपणे ठेवी आणि पुढे ती माहिती संगणकात घालून पाही. त्या काळात धावपटूंमध्ये हे अगदी विरळ होते. सरावाची आखणीही बहुतांशी त्याची स्वतःची असे.

पांढरी_रेघ

मोझेसविषयी मला आदर आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. अपराजित मालिका हे महानतेचे माप म्हणून मला पुरेसे वाटत नाही. अशी मालिका तीन कारणांनी लांबू शकते : धावपटू खरोखर श्रेष्ठ असणे, प्रतिस्पर्धी दुबळे असणे, आणि कोणत्या स्पर्धेत उतरायचे याची निवड जपून करणे. 1982 च्या संपूर्ण हंगामात मोझेस दुखापत आणि आजारपणामुळे धावलाच नाही. ते वर्षही नऊ वर्षे नऊ महिन्यांच्या हिशेबात धरले जाते. शिवाय 122 मध्ये प्राथमिक फेऱ्याही मोजलेल्या आहेत. आज जे नाव आदराने घेतले जाते त्यातला किती भाग त्याच्या काळातल्या स्पर्धेच्या पातळीमुळे आहे, हे तपासायला हवे असे मला वाटते.

दहावा_अडथळा

आक्षेप रास्त आहे आणि तो तपासण्याजोगा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्राथमिक फेऱ्यांचा मुद्दा आधी घेऊ. 122 पैकी 107 अंतिम फेऱ्या होत्या. केवळ पंधरा फेऱ्या वजा होतात. त्या वजा करूनही सलग 107 अंतिम विजय उरतात.

निवडीबद्दल बोलायचे तर मालिकेचा आरंभ पाहावा. श्मिडकडून हरल्यानंतर एका आठवड्यात, 2 सप्टेंबर 1977 रोजी, ड्युसेलडॉर्फच्या विश्वचषकात मोझेस पुन्हा त्याच श्मिडसमोर, त्याच्याच देशात उभा राहिला आणि 47.58 सेकंदांत सुमारे पंधरा मीटरच्या अंतराने जिंकला. पराभवानंतर त्याच प्रतिस्पर्ध्याला आठवड्याच्या आत सामोरा जाणारा माणूस शर्यती टाळणारा आहे असे म्हणता येणार नाही.

आणि प्रतिस्पर्ध्यांच्या पातळीसाठी तुम्ही उल्लेखलेले 1982 हेच वर्ष उत्तम साक्षीदार आहे. मोझेस नसताना त्या सप्टेंबरमध्ये अथेन्सच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत श्मिडने 47.48 सेकंदांची वेळ दिली. तो युरोपचा विक्रम 1995 पर्यंत टिकला. म्हणजे मोझेस ज्याला वर्षानुवर्षे मागे ठेवत होता तो युरोपच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत वेगवान माणूस होता. श्मिडला दुबळा म्हणणे मला शक्य नाही. दुर्दैवी म्हणता येईल. मोझेस नसता तर त्या दशकाला आपण श्मिडचे दशक म्हटले असते.

1982 ची रिकामी जागा मात्र मी मान्य करतो. ज्या वर्षी धावपटू धावलाच नाही ते वर्ष त्याच्या बाजूने मोजू नये. त्यामुळेच मला वर्षांपेक्षा शर्यतींचा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

पांढरी_रेघ

107 अंतिम फेऱ्यांचा आणि श्मिडच्या वेळेचा मुद्दा पटला. माझा आक्षेप मी बराच सौम्य करतो. माझे एवढेच म्हणणे उरते की 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकबाबत आपण जेव्हा 'मोझेसचे तिसरे सुवर्णपदक हुकले' असे म्हणतो, तेव्हा ते सावधपणे म्हटले पाहिजे. धावली न गेलेली शर्यत कोणीही जिंकलेली नसते.

कोरा_कागद

सावधपणा मान्य, पण आकडे समोर ठेवायला हरकत नसावी. मोझेसने मिलानमध्ये 47.13 चा विश्वविक्रम केला तो 3 जुलै 1980 रोजी आणि मॉस्कोचे उद्घाटन झाले 19 जुलैला. तो त्या क्षणी आयुष्यातल्या सर्वोत्तम लयीत होता. अमेरिकेने अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ बहिष्कार घातल्याने तो गेला नाही. मॉस्कोची शर्यत पूर्व जर्मनीच्या फोल्कर बेकने 48.70 सेकंदांत जिंकली. दोन वेळांमधला फरक 1.57 सेकंदांचा आहे. बेकचे पदक याने कमी ठरत नाही. जे समोर होते त्यांच्याशी तो धावला आणि जिंकला. मात्र चोवीस वर्षांच्या मोझेसकडून काय हिरावले गेले याची कल्पना या दोन आकड्यांतून येते. माँट्रियलला अकी-बुआ नव्हता आणि मॉस्कोला मोझेस नव्हता. दोन्ही वेळा निर्णय धावपटूंचा नव्हता.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. मोझेसच्या कारकिर्दीचा अर्धा भाग मैदानाबाहेर घडला आणि त्याचा उल्लेख इथे अजून झालेला नाही. त्या काळी मैदानी खेळ कागदोपत्री हौशी होते. धावण्यातून उघडपणे पैसे मिळवले की ऑलिंपिकचा हक्क जाई. प्रत्यक्षात युरोपातील स्पर्धांचे आयोजक नामांकित खेळाडूंना हातावर रोख रक्कम ठेवीत, आणि सगळ्यांना ते ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. मोझेस ऑलिंपिक विजेता झाल्यावरही कॅलिफोर्नियातील एका कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करीत होता. 1979 मध्ये पूर्णवेळ सरावासाठी त्याने कामातून रजा घेतली आणि त्याच सुमारास खेळाडूंसाठी विश्वस्त निधीची कल्पना पुढे रेटण्यात तो अग्रभागी होता. जाहिराती आणि स्पर्धांमधून मिळणारी रक्कम एका निधीत जमा व्हावी आणि खेळाडूने सरावाच्या व राहण्याच्या खर्चासाठी त्यातून उचल करावी, म्हणजे त्याचा ऑलिंपिकचा हक्क अबाधित राहील, अशी ती योजना होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती 1981 मध्ये मान्य केली. त्यानंतरच्या पिढ्यांतले कितीतरी धावपटू तिशीपर्यंत मैदानात राहू शकले ते या बदलामुळे. स्वतः मोझेसही बत्तिसाव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद जिंकू शकला तो यामुळेच, असे मी म्हणेन.

उत्तेजक द्रव्यांविरुद्धचे त्याचे कामही तितकेच मोलाचे आहे. स्पर्धेच्या दिवशी चाचणी घेऊन काही हाती लागत नाही, कारण द्रव्ये सरावाच्या महिन्यांत घेतली जातात आणि स्पर्धेपूर्वी थांबवली जातात, हे तो उघडपणे मांडत राहिला. 1988 च्या अखेरीस अमेरिकेत स्पर्धांबाहेरील आकस्मिक चाचण्यांची पद्धत उभारण्यात त्याचा मोठा वाटा होता. सोबतच्या खेळाडूंचा रोष पत्करून हे करणे सोपे नव्हते. नंतर त्याने अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचे अध्यक्षपदही सांभाळले.

गणिताची_वही

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकबद्दल कोणीतरी लिहावे. माझ्या वडिलांच्या तोंडून त्या ऑलिंपिकचा उल्लेख नेहमी पी. टी. उषाच्या संदर्भात ऐकला आहे.

जुनी_धाव

दोन्ही शर्यती एकाच मैदानावर, तीन दिवसांच्या अंतराने झाल्या. 5 ऑगस्टला पुरुषांची, 8 ऑगस्टला महिलांची. महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली होती. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल 54.61 सेकंदांत जिंकली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी आली आणि रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूने 55.41 सेकंदांत कांस्य घेतले. उषाची वेळ 55.42. मी धावायला लागले त्याच्या मुळाशी तो शंभरावा भाग आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिले तर मी विषय सोडून जाईन.

मोझेसला त्या ऑलिंपिकमध्ये आणखी एक मान मिळाला होता. उद्घाटन सोहळ्यात सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्यासाठी त्याची निवड झाली होती. शपथ म्हणताना मध्येच शब्द आठवेनासे झाले, तेच शब्द त्याने पुन्हा पुन्हा उच्चारले आणि अखेर ती पूर्ण केली. वर्षानुवर्षे अडथळ्यांवरून न अडखळता जाणारा माणूस साऱ्या जगासमोर चार ओळींत अडखळला. मला त्यात त्याच्यावरचे ओझे दिसते. आपल्या देशात, आपल्या लोकांपुढे, आठ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये उभे राहायचे आणि मॉस्कोची भरपाई करायची. काही दिवसांनी अंतिम फेरीत तो 47.75 सेकंदांत जिंकला. दुसरा आला अठरा वर्षांचा डॅनी हॅरिस, 48.13 सेकंदांत. तिसरा श्मिड.

दहावा_अडथळा

डॅनी हॅरिसचे नाव आले हे बरे झाले, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे. मोझेसची मालिका सुरू झाली तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा होता. 4 जून 1987 रोजी माद्रिदमध्ये तो 47.56 सेकंदांत धावला आणि मालिका संपली.

आणि इथून पुढचे पंधरा महिने माझ्या दृष्टीने मोझेसच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे आहेत. अजिंक्यपदाचे वलय एकदा गेले की प्रतिस्पर्ध्यांच्या मनातली भीतीही जाते. तोवर आठही धावपटूंपैकी सात जण दुसऱ्या क्रमांकासाठी उभे राहत असावेत, असे जुनी दृश्ये पाहताना वाटते. माद्रिदनंतर तसे राहिले नाही. त्याच वर्षी रोममध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. 1 सप्टेंबरला अंतिम फेरी झाली. मोझेसने आदल्याच दिवशी बत्तीस वर्षे पूर्ण केली होती. शेवटच्या अडथळ्यानंतरच्या चाळीस मीटरमध्ये हॅरिस आणि श्मिड दोघेही त्याला गाठत आले आणि तिघे एकाच वेळी रेषेवर झुकले. मोझेस 47.46, हॅरिस 47.48, श्मिड 47.48. दहा वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये त्याला हरवणारा आणि तीन महिन्यांपूर्वी माद्रिदमध्ये हरवणारा, असे दोघे त्याच्या दोन बाजूंना होते. माँट्रियलला आठ मीटरने जिंकलेल्या माणसाने हा विजय हातभर अंतराने मिळवला. मला हा विजय माँट्रियलपेक्षा मोठा वाटतो. पळून जाऊन जिंकण्यापेक्षा, मागून येणाऱ्यांना शेवटच्या ढांगेपर्यंत थोपवून जिंकणे वेगळे असते आणि हे काम त्याला कारकिर्दीत फारसे कधी करावेच लागले नव्हते.

पांढरी_रेघ

रोमचा निकाल वाचून माझा उरलेला आक्षेपही मी मागे घेतो. ज्या दिवशी प्रतिस्पर्धी त्याच्या पातळीवर आले त्या दिवशीही तोच जिंकला, याहून वेगळा पुरावा मागता येणार नाही.

एक विचारतो. आजच्या वेळांशी तुलना कशी करावी? नॉर्वेच्या कार्स्टन वारहोमने 2021 मध्ये टोक्यो ऑलिंपिकमध्ये 45.94 सेकंदांची वेळ दिली. मोझेसच्या 47.02 पेक्षा ती सेकंदाहून अधिक सरस आहे.

दहावा_अडथळा

सरळ तुलना करू नये असे मला वाटते. 47.02 हा विक्रम नऊ वर्षे टिकला. 1992 मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्याच केविन यंगने 46.78 सेकंदांत तो मोडला. यंग काही टप्प्यांत बारा ढांगांवर धावला होता, म्हणजे मोझेसने घालून दिलेला हिशेब त्याने आणखी एका पायरीने पुढे नेला. आणि बारा म्हटले की पुन्हा जुनी_धाव यांनी सांगितलेला पाय बदलण्याचा प्रश्न आलाच. तो विक्रम पुढे 29 वर्षे अबाधित राहिला. 1 जुलै 2021 रोजी ऑस्लोत वारहोमने 46.70 केले आणि महिनाभरात टोक्योत 45.94. टोक्योच्या त्या फेरीत दुसरा आलेला राय बेंजामिन 46.17 धावला आणि तिसरा आलेला अलिसन दोस सांतोस 46.72. तिघेही यंगच्या 46.78 पेक्षा वेगवान. मधल्या काळात धावमार्गांचे पृष्ठभाग बदलले, बुटांच्या तळांतले साहित्य बदलले, सरावाची साधने बदलली. त्यामुळे सेकंदांची तुलना करण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या काळातल्या दुसऱ्या क्रमांकापासून किती अंतर राखले आणि किती वर्षे राखले, हे पाहणे मला अधिक न्याय्य वाटते. आता जवळपास प्रत्येक अव्वल धावपटू तेरा ढांगा गृहीत धरून सुरुवात करतो. 1976 मध्ये ज्याचे नवल वाटले ते आज प्रवेशपरीक्षेसारखे झाले आहे.

गणिताची_वही

1988 च्या सोल ऑलिंपिकबद्दल राहिले. तिथे त्याला कांस्यपदक मिळाले एवढेच मला माहीत आहे. वय झाल्यामुळे तो मागे पडला, असेच समजायचे ना?

दहावा_अडथळा

मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. एकदा तिन्ही ऑलिंपिकच्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि समजूत बदलली. माँट्रियल 1976, सुवर्ण, 47.63. लॉस एंजेलिस 1984, सुवर्ण, 47.75. सोल 1988, कांस्य, 47.56. तेहतिसाव्या वर्षी, तिसरा येताना, तो आपल्या दोन्ही सुवर्णांपेक्षा वेगाने धावला होता. आंद्रे फिलिप्सने 47.19 चा ऑलिंपिक विक्रम केला आणि सेनेगलचा अमादू दिया बा 47.23 धावला. मोझेसचा वेग गेला नव्हता, शर्यतच पुढे गेली होती. त्याच फेरीत मोझेसच्या मागोमाग, 47.94 सेकंदांत, चौथा आला तो केविन यंग.